कॅपाडोकिया आणि कोन्या: बलूनच्या आधी गाईड बुक करा

आधी निकाल सांगते, मग डिटेल. तुर्कस्तानात कॅपाडोकियाला जायचं ठरवत असाल तर लायसन्स असलेला लोकल गाईड गाडीसकट घ्या, त्याच्यासोबत बसून प्लॅन करा, आणि गरम हवेच्या बलूनमधून उडायचं नंतर बघा. गाईडच्या सर्विसला माझ्याकडून पाचपैकी पाच, गुहेतल्या हॉटेलला चार, आणि हॉटेलच्या पॅकेजमध्ये फुकट म्हणून मिळालेल्या ग्रुप टूरला दीड, तोही ड्रायव्हर चांगला होता म्हणून.

परत आल्यापासून प्रत्येकजण एकच विचारतोय, बलून केलं का, फोटो दाखव. बलून सुंदर आहे, त्यावर पुढे लिहितेच, पण तो एक तासाचा खेळ आहे. बाकीचा सगळा दिवस तुम्ही ज्या दगडात फिरता त्यात हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली चर्च आहेत, जमिनीखाली गावंच्या गावं आहेत, आणि सांगणारं कोणी नसेल तर ते सगळं भोकं पडलेल्या टेकड्या वाटून माणूस दोन तासात कंटाळतो. मला हे खूप मनापासून वाटतं म्हणून एवढं लांब लिहितेय, ज्यांना नुसते फोटोच हवेत त्यांना याचा फार उपयोग नाही.

आमची परिस्थिती आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही जर्मनीत असतो, आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. बाबा दरवर्षी वारी करतात त्यामुळे चालायला पक्के, आईचे गुडघे दुखतात, आणि दोघंही शाकाहारी. म्हणजे पायऱ्या, जेवण आणि दमणूक या तीन गोष्टी बघूनच सगळं ठरवायचं होतं. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाईन निघतो, आई-बाबांचा शेंगेन व्हिसा होता म्हणून त्यांचंही काम घरबसल्या झालं. नसेल तर रीतसर स्टिकर व्हिसा लागतो आणि त्याला वेळ धरून ठेवा. सर्च केलं की ई-व्हिसाच्या नावाने जास्तीचे पैसे घेणाऱ्या बऱ्याच साईट वर येतात, सरकारी साईटच शोधा आणि अटी तिथेच वाचा.

पोचायला दोन एअरपोर्ट आहेत, नेवशेहिर जवळचं आणि कायसेरी थोडं लांब, पण कायसेरीला फ्लाईट जास्त असतात. इस्तंबूलहून तासा-सव्वा तासात पोचता, पुढे हॉटेलवाले शटल ठरवून देतात. इस्तंबूलहून रात्रीची बसही आहे, बस चांगल्या असतात, चहा-बिस्किटं देतात, पण दहा-बारा तास बसून सकाळी उतरायचं आणि लगेच फिरायला लागायचं हे घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन करू नका. कायसेरीहून निघालं की एका बाजूला एर्जियेस डोंगर दिसतो, ३९१७ मीटर, डोक्यावर बर्फ. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात त्याच्यापासून आणि पलीकडच्या हसन डोंगरापासून झालीय हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, गाईडने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

राहायला गोरेमे, उर्गुप, उचहिसार असे पर्याय आहेत. गोरेमे मध्यवर्ती, सगळं चालत जाता येतं, पण पहाटे बलूनच्या गाड्या आणि दिवसभर गर्दी. उर्गुप जरा खरं गाव वाटतं, भाजी बाजार, बेकरी, शाळेची मुलं. उचहिसार उंचावर, शांत आणि महाग. आम्ही गोरेमेत राहिलो. गुहेतली रूम म्हणजे दगड कोरून केलेली खोली, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार, हे खरं आहे, पण खिडकी एवढीशी, कपडे वाळत नाहीत आणि दमट वास येतो काही खोल्यांना. दम्याचा त्रास असेल तर बुकिंग करतानाच दगडाने बांधलेली वरच्या मजल्यावरची रूम मागा, बहुतेक हॉटेलात दोन्ही प्रकार असतात. शिवाय पायऱ्या विचारा. आईसाठी आम्ही मेल करून विचारलं होतं आणि त्यांनी अंगणाला लागून खोली दिली, हे फार बरं झालं. नाश्ता मात्र भरभरून, ऑलिव्ह, चीज, काकडी-टोमॅटो, मध, मलई, अंडी, तिळाचे गोल पाव आणि द्राक्षाची काकवी. तिला ते पेकमेझ म्हणतात आणि ती या भागाची खास आहे, तिळाच्या पेस्टमध्ये कालवून पावाला लावायची. बाबा रोज तेच खायचे.

आता ग्रुप टूर. तिथे सगळे एजंट रेड टूर आणि ग्रीन टूर अशा नावाने ठरलेले रूट विकतात. रेड म्हणजे गोरेमेच्या आसपासचं, ओपन एअर म्युझियम (दगडात कोरलेल्या चर्चचा उघड्यावरचा परिसर), उचहिसारचा किल्ला, पाशाबागचे छत्रीसारखे दगडी खांब, अवानोस गाव. ग्रीन म्हणजे दक्षिणेकडचं, देरिनकुयुचं भूमिगत शहर, इहलारा दरी, सेलिमे. रूट वाईट नाहीत. वाईट आहे ती वेळेची वाटणी. आमच्या टूरमध्ये गोरेमेच्या म्युझियमला जेमतेम एक तास आणि दगडाच्या दागिन्यांच्या दुकानाला जवळपास तेवढाच वेळ, मग परत एक गालिच्याचं दुकान, तिथे चहा देऊन बसवलं की उठता येत नाही, दरवाज्यात माणूस उभा. म्युझियममध्ये वीस-पंचवीस जणांचा घोळका, गाईड बाहेर उभा राहून घाईघाईने सांगणार आणि मग "आत जाऊन बघून या, बारा वाजता गेटवर". आत गेल्यावर अंधारात काय बघायचं ते कळत नाही. आई एका बाकावर बसूनच राहिली. संध्याकाळी हॉटेलच्या मालकीणबाईंना सांगितलं की उरलेले दिवस आम्हाला आमचा गाईड हवाय, त्यांनी ओळखीतून अवानोसच्या एका बाईंना बोलावलं.

या बाई आल्या त्याच मुळी वही घेऊन. चहा घेत आधी आमचीच चौकशी केली, कोण किती चालतं, कोणाला बंद जागेत त्रास होतो, काय खात नाही, देवळं-चित्रं आवडतात की डोंगर. त्या बाबांना आमजा आणि आईला तेयझे म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे काका आणि मावशी म्हणतो तसं, तिकडे मोठ्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. मग त्यांनी प्लॅन फिरवला. म्युझियम उघडतानाच गाठायचं कारण नऊ-दहानंतर बसेस येतात. भूमिगत शहर दुपारी जेवणाच्या वेळी, तेव्हा गर्दी ओसरते. इहलाराला वरून पायऱ्या उतरायच्या ऐवजी खालच्या गावाकडून शिरायचं. आणि एक पूर्ण दिवस कोन्यासाठी, म्हणजे सूफी संत रूमींच्या समाधीच्या शहरासाठी. दुकानं शून्य. हे शेवटचं आम्ही न मागताच त्यांनी वहीत लिहिलं.

गोरेमेच्या ओपन एअर म्युझियमला आम्ही परत गेलो, आणि ती जागा आम्ही आदल्या दिवशी बघितलीच नव्हती असं वाटलं. त्यांनी आधी बाहेरच थांबवून दगड हातात दिला. नखाने खरवडला तर भुगा निघतो. एर्जियेस, हसन वगैरे ज्वालामुखींची राख लाखो वर्षांपूर्वी या पठारावर थरावर थर पडत गेली, ती दाबून दाबून हा मऊ दगड झाला, त्यावर कुठे कुठे कडक लाव्हाचा थर. पावसाने आणि वाऱ्याने मऊ भाग झिजला, जिथे डोक्यावर कडक दगडाची टोपी राहिली तिथे खालचा खांब वाचला, आणि टोपी पडली की खांबही हळूहळू संपतो. एवढं ऐकल्यावर समोरचं सगळं दृश्यच बदललं, कुठला खांब म्हातारा आणि कुठला अजून तरणा हे बाबा बोट दाखवून सांगायला लागले.

तिथे बाबांनी वेरूळचा विषय काढला, आणि तो अगदी बरोबर होता. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, टणक, कैलास कोरायला छिन्नी-हातोड्याने वर्षानुवर्षं घातली. इथला दगड एवढा मऊ की एक माणूस काही दिवसांत खोली काढू शकतो, म्हणून इथे राजाचा आश्रय नसतानाही साध्या भिक्षूंनी आणि शेतकऱ्यांनी शेकडो चर्च कोरली. पण त्याच मऊपणामुळे ती ढासळतातही, म्युझियममध्ये अर्धी कोसळलेली चर्च दिसतात, भिंत गेलीय आणि आतलं चित्र उघड्यावर ऊन खातंय. बाबांनी हे सांगितल्यावर गाईडने वेरूळचं नाव वहीत लिहून घेतलं आणि अजिंठ्याचे फोटो मागितले. ते का, ते पुढे कळलं.

या भागाचं महत्त्व असं की चौथ्या शतकात इथूनच ख्रिस्ती धर्माचे मोठे विचारवंत झाले, कायसेरीचे संत बेसिल, त्यांचे भाऊ निसाचे ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचे ग्रेगरी, तिघांना मिळून कॅपाडोकियाचे धर्मपिते म्हणतात. बेसिलने मठात राहणाऱ्यांसाठी नियम घालून दिले, एकत्र राहा, काम करा, गरिबांना बघा. म्हणून म्युझियममध्ये नुसती चर्च नाहीत, दगडातच कोरलेली लांब जेवणाची टेबलं आणि बाकं आहेत, एका वेळी तीस-चाळीस जण बसतील अशी. आदल्या दिवशी त्या टेबलावर लोक पाय ठेवून फोटो काढत होते.

चित्रांचा भाग तर मला पुन्हा पुन्हा बघायचाय. बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात ७२६ ते ८४३ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, देवाची चित्रं काढायला बंदी होती. बार्बारा चर्चमध्ये लाल रंगाने थेट दगडावर क्रॉस, चौकटी, विचित्र किडे असे साधे आकार आहेत, आणि बरेच गाईड ते बंदीच्या काळातलं म्हणून ठोकून देतात. आमच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की अभ्यासक ते चर्च अकराव्या शतकातलं धरतात, म्हणजे बंदी उठून दोनशे वर्षं झाल्यावरचं, साधं आहे म्हणून जुनं असं नाही. मला अशी माणसं फार आवडतात जी सोपी गोष्ट हातात असताना खरी गोष्ट सांगतात.

डार्क चर्चला वेगळं तिकीट आहे आणि लोक ते वाचवतात. वाचवू नका. एका छोट्या झरोक्यातून जेमतेम उजेड येतो म्हणून त्याचं तसं नाव पडलं, आणि उजेड नाही म्हणूनच रंग टिकलेत. पुढे बरीच वर्षं गावकऱ्यांनी ते कबुतरांसाठी वापरलं, कबुतराची विष्ठा इथे द्राक्षाच्या मळ्यांना खत म्हणून सोन्यासारखी जपायचे, आणि दारं बुजवल्यामुळे चित्रं वाचली. हात पोचतो तिथपर्यंत संतांचे डोळे खरवडलेले आहेत, वरची चित्रं मात्र काल काढल्यासारखी. आत फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा, फ्लॅशने रंग जातात.

आणि तोकाली चर्च. हे गेटच्या बाहेर रस्त्याच्या पलीकडे आहे, त्याच तिकिटावर, आणि ग्रुप टूरवाले घाईत सोडून देतात. आमचंही सुटलं होतं. दहाव्या शतकातलं, तिथल्या चर्चमध्ये सगळ्यात मोठं, आत गेल्यावर भिंतीभर निळा. तो निळा रंग लाजवर्द दगडाचा, म्हणजे लॅपिस लाझुली, तेव्हा तो अफगाणिस्तानच्या डोंगरातून यायचा, फार महाग. आणि अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांमध्येही हाच दगड कुटून निळा केलाय. गाईडला फोटो त्यासाठी हवे होते. माझ्या फोनमध्ये अजिंठ्याच्या जुन्या ट्रिपचे फोटो होते ते मी बाहेर आल्यावर दाखवले, त्या कितीतरी वेळ झूम करून बघत राहिल्या. एका गटाला हे सगळं सांगायला अडीच-तीन तास लागतात, एका तासात हे शक्यच नाही, एवढंच माझं ग्रुप टूरवाल्यांना म्हणणं आहे.

देरिनकुयुबद्दल काळजीने लिहिते कारण घरचे ज्येष्ठ घेऊन लोक जातात. साधारण ८५ मीटर खोल आहे, आठेक मजले बघायला मिळतात, आणि उतरायचे बोगदे इतके बुटके की पाठ वाकवून, एकावेळी एकच माणूस, पुढचा थांबला की मागचे सगळे थांबले. गुडघे, पाठ, दम, बंद जागेची भीती यातलं काहीही असेल तर जाऊ नका. आई दारातूनच म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या, मी इथे उन्हात बसते", आणि गाईडने तिला चौकातल्या चहाच्या टपरीवर ओळखीच्या बाईंजवळ बसवलं. खाली गेल्यावर मात्र माणूस थक्क होतो. वरच्या मजल्यांवर गुरांचे गोठे, द्राक्षं तुडवायचे हौद, धान्याच्या कोठ्या, कमानीचं छत असलेली शाळेची मोठी खोली, अगदी खाली क्रॉसच्या आकाराचं चर्च. हवेसाठी उभ्या विहिरीसारखी भुयारं, इतक्या खालीसुद्धा तोंडावर वारा लागतो. बोगद्याच्या तोंडाशी जात्यासारखे गोल भले मोठे दगड, ते आतूनच सरकवून बंद करता येतात, बाहेरून नाही. सातव्या शतकापासून अरब सैन्याच्या स्वाऱ्या व्हायच्या तेव्हा अख्खी गावं गुरासकट खाली उतरायची. तात्पुरतं लपायची ही जागा, लोक कायम खाली राहत नव्हते. १९६३ मध्ये एका माणसाला घराचं काम करताना भिंतीमागे वाट सापडली आणि मग हे सगळं उघडकीला आलं. उतरायला नको वाटत असेल तर जवळच कायमाकली आहे, ते कमी खोल आणि जास्त पसरट, तरी बोगदे तिथेही बुटकेच.

इहलाराची दरी साधारण १४ किलोमीटरची, मधून मेलेंदिझ ओढा, दोन्ही बाजूंना कडे आणि कड्यात चर्च. मुख्य गेटने ४०० च्या जवळपास पायऱ्या उतरायच्या आणि कुठूनतरी चढायच्या. आम्ही बेलिसिरमा गावाकडून गाडीने थेट खाली गेलो, आई ओढ्याकाठी सावलीतून आरामात चालली, एक-दोन चर्च बघितली आणि मग पाण्यावर टाकलेल्या मचाणावर बसून जेवलो. हा पर्याय ग्रुप टूरमध्ये कोणी सांगत नाही. सेलिमेचा मठ चढायला अवघड आणि घसरडा, बाबा वरपर्यंत जाऊन आले, आम्ही खालून बघितला.

मुस्तफापाशा हे गाव कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं, गाईडने स्वतःहून घातलं, आणि मला वाटतं कॅपाडोकिया समजायला ते लागतंच. त्याचं आधीचं नाव सिनासोस, ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचं श्रीमंत गाव, दगडी वाडे, दारांवर द्राक्षांच्या वेली कोरलेल्या. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये करार झाला आणि धर्म बघून लोकांची अदलाबदल झाली, तिकडचे मुसलमान इकडे, इकडचे ख्रिस्ती तिकडे. कॅपाडोकियातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांमध्ये तर बोलायची भाषा तुर्कीच होती, ग्रीक लिपीत तुर्की लिहायचे, तरी त्यांना ग्रीसला जावं लागलं जिथली भाषा त्यांना येत नव्हती. म्हणजे आपण ज्या चर्चना हजार वर्षं जुनी म्हणून बघतो ती वापरणारी माणसं अगदी शंभर वर्षांपूर्वीपर्यंत इथेच होती. बाबा त्या चौकात बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की त्यांच्या लहानपणी शेजारी सिंधी कुटुंब होतं, कराचीहून आलेलं, त्या आजी रोज तिकडच्या घराबद्दल बोलायच्या.

पाशाबाग आणि झेल्वे एकत्र होतात. पाशाबागला तीन टोप्यांचे खांब आहेत, गर्दी खूप, अर्धा तास पुरे. झेल्वे जास्त आवडलं, तिथे १९५२ पर्यंत लोक गुहांमध्ये राहत होते, दगड कोसळायला लागले म्हणून सरकारने हलवलं, चर्चच्या शेजारी दगडातलीच मशीद आहे. अवानोसला किझिलिर्माक नदी, तुर्कस्तानातली सगळ्यात लांब, १३५५ किलोमीटर, तिच्या लाल मातीची भांडी हित्ती या इथल्या प्राचीन लोकांच्या काळापासून होतात. पायाने फिरवायच्या चाकावर आईला बसवलं, तिने एक वाडगा केला. तिथे विकत घ्यायची जबरदस्ती कोणी केली नाही, आम्ही आपणहून घेतलं.

बलून. आमचं झालं, दुसऱ्या प्रयत्नात. उडायचं की नाही हे कंपनी ठरवत नाही, विमान वाहतुकीचं सरकारी खातं वारा बघून पहाटे ठरवतं, आणि कॅन्सल झालं तर पैसे परत मिळतात किंवा पुढचा दिवस मिळतो. म्हणून पहिल्या सकाळचंच बुकिंग करा म्हणजे हाताशी दिवस राहतात, शेवटच्या सकाळचं करणारे रडत परत जातात. हिवाळ्यात कॅन्सल होण्याचं प्रमाण जास्त. दर सीझनप्रमाणे आणि मागणीप्रमाणे कितीही वर जातो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा आणि टोपलीत किती माणसं ते नक्की विचारा, सोळा आणि अठ्ठावीस यात खूप फरक पडतो, मधल्या माणसाला काही दिसत नाही. टोपलीच्या बाजूला पाय ठेवायच्या खाचा असतात, त्यावरून चढून आत उतरायचं, तासभर उभं राहायचं आणि उतरताना गुडघे वाकवून धरून बसायचं. म्हणून आई नको म्हणाली, आणि ती गोरेमेच्या वरच्या टेकडीवर गेली. तिथून सगळे बलून एकदम वर येताना दिसतात, खर्च नगण्य. खरं सांगायचं तर तिने काढलेले फोटो आमच्यापेक्षा चांगले आलेत. वर मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दऱ्यांचा नकाशा कळला, कुठली दरी कुठे जाते, आदल्या दिवशी चाललेली वाट वरून ओळखली.

कोन्याला बरेच लोक जात नाहीत कारण गोरेमेहून तीन तास लागतात. आमच्या बाबांसाठी मात्र तीच ट्रिप होती. वाटेत अक्सरायच्या पुढे सुलतानहानीला थांबलो, सेल्जुक सुलतान अलाउद्दीन केयकुबाद पहिला याने १२२९ मध्ये बांधलेली सराई, दरवाजा बघूनच मान मागे जाते. उंटांचा तांडा एका दिवसात जेवढं अंतर जाईल तेवढ्या अंतरावर अशा सराया होत्या, आणि व्यापाऱ्याला तीन दिवस राहणं-जेवण फुकट. मग कोन्यात मेव्हलाना म्युझियम, म्हणजे सूफी संतकवी जलालुद्दीन रूमी यांची समाधी, हिरव्यानिळ्या घुमटाखाली. प्रवेश फुकट, पायाला प्लास्टिकचं कव्हर घालायचं, बायकांनी डोकं झाकलेलं बरं. रूमी १७ डिसेंबर १२७३ ला गेले, दरवर्षी त्या तारखेला मोठा सोहळा असतो. बाबांनी तारीख ऐकली आणि लगेच म्हणाले, ज्ञानोबांचा जन्म १२७५ चा. दोन वर्षांचं अंतर. तिथे लोक हात जोडून, डोळे मिटून उभे होते, काही रडत होते, म्युझियम असलं तरी तिथे देवळात वागतो तसं वागावं. १९२५ मध्ये तुर्कस्तानने सगळे सूफी मठ कायद्याने बंद केले आणि १९२७ मध्ये ही जागा म्युझियम म्हणून उघडली, म्हणून आतमध्ये काउंटर आणि काचेच्या पेट्या.

सेमा म्हणजे दरवेशांचं, रूमींच्या पंथातल्या सूफी साधकांचं, गोल गोल फिरणं आम्ही अवानोसजवळच्या सारुहान सराईत बघितलं, १२४९ ची सराई आहे. काही रेस्टॉरंटमध्ये जेवताना मध्येच दरवेश फिरवतात, तसलं अजिबात बघू नका, ही प्रार्थना आहे. सराईत आधी सांगतात की टाळ्या नाहीत, मधे फोटो नाहीत, बोलणं नाही. बासरीसारखी नेय वाजते, काळे झगे खाली टाकतात आणि पांढरे घेर उघडतात, उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड आणि पांढरा घेर म्हणजे कफन, उजवा हात वर, देवाकडून घ्यायला, आणि डावा खाली, लोकांना द्यायला. हे गाईडने आदल्या दिवशीच गाडीत सांगून ठेवलं होतं म्हणून आई-बाबांना सगळं कळलं. ज्यांना माहीत नव्हतं ते दहा मिनिटात घड्याळ बघत होते.

जेवणाचं थोडक्यात. या भागाचा फेमस पदार्थ म्हणजे मातीच्या मडक्यात शिजवून टेबलावर मडकं फोडून वाढतात तो मटणाचा, आणि कायसेरीचे मान्ती, दह्यातले इवलेसे खिमा भरलेले डंपलिंग. शाकाहारी लोकांसाठी मडक्यातली भाजीही बऱ्याच ठिकाणी मिळते. मसूरचं सूप, पालक-चीज भरलेल्या पोळीसारखं गोझलेमे, टोमॅटो-मिरचीची अंड्यातली मेनेमेन, द्राक्षाच्या पानात भात भरलेले गार सारमा, वांग्याचे चार प्रकार, दही, ताक, उपाशी कोणी राहत नाही. फक्त मटण नको म्हटलं की चिकन चालेल असं समजतात, आणि सूपला हाडाचा स्टॉक असू शकतो, तेव्हा चिकन, मासे, स्टॉक एकेक नाव घेऊन नको म्हणून सांगा. आमच्या गाईडने तुर्कीत चिठ्ठीच लिहून दिली, ती आम्ही सगळीकडे दाखवली आणि वेटर लोकांनी आत जाऊन आचाऱ्याला विचारून यायचे कष्ट घेतले.

सीझन एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. पहाटे मे महिन्यातसुद्धा जॅकेट लागतं कारण पठार हजार मीटरच्या वर आहे. चपला नको, पकड असलेले बूट घ्या, त्या मऊ दगडाची बारीक वाळू होते आणि पाय सटकतो. म्युझियमची तिकिटं परदेशी लोकांना युरोच्या हिशोबाने लावतात आणि ती वाढतच असतात, जास्त ठिकाणं बघणार असाल तर पासचा हिशोब आधी करून बघा, आणि कॅपाडोकिया नीट बघायला तीन पूर्ण दिवस व कोन्याला वेगळा एक, याच्या आत बसवू नका.

गाईड शोधताना एवढं करा. तुर्कस्तानात लायसन्सशिवाय गाईडचं काम करता येत नाही, लायसन्स असलेल्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं, ते आधी बघायला मागा, कोणी राग मानत नाही. हॉटेलमधून ओळख मिळाली तरी बोलणं स्वतः करा. भाव गाडी, पेट्रोल, पार्किंग, तिकिटं धरून की सोडून ते लिहून घ्या, आणि दुकानात थांबणार का हे स्पष्ट विचारा. कमिशनवर चालणारा असेल तर दर कमी सांगेल आणि दिवस दुकानात काढेल. चांगल्याचा एका दिवसाचा खर्च चौघांच्या ग्रुप टूरपेक्षा जास्तच होतो, आमचाही झाला, पण चौघांत वाटला तर एका माणसाच्या बलूनच्या तिकिटापेक्षा कमी पडला. आणि फोनवर बोलताना त्याला तोकाली चर्चला किती वेळ देणार ते विचारून बघा. "दहा मिनिटं" म्हणाला तर दुसरा शोधा.